डाव्या चाकातली हवा

त्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, दुकानातल्या माणसांना नाही, ज्यांच्याबरोबर गाड्या पळवतो त्या दोस्तांना तर मुळीच नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलोय तर—कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलायला मला कधीच लाज वाटत नाही. लाज पुढं आहे.

माझी एक छोटी, निळी, दोन सीटची गाडी आहे. जुनीच घेतलेली. छप्पर मागं पडतं, बूड रस्त्याला लागतंय की काय इतकं खाली बसावं लागतं, आणि डिकीत दोन पिशव्या गेल्या तर तिसरी मांडीवर घ्यायची. वजनाला इतकी हलकी, की बंद पडली तर एकट्या माणसानं ढकलत न्यावी. घरी आणली तेव्हा बायकोनं कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "ह्यात बसायचं का निजायचं?" आणि आमच्या आळे गावातली पोरं अजून विचारतात, "भाऊ, आंगुळीचा टप इकला का?" विचारू देत. मला तिच्यात बसलं की बरं वाटतं.

आळेफाट्यावर, नाशिकच्या रस्त्याला, माझं टायरचं दुकान आहे. टायर, पंक्चर, आणि मशीनवर चाकं सरळ करून देणं—ते व्हील अलाइनमेंट. आठवडाभर ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर, आणि त्यांच्या ड्रायव्हरांशी भांडणं. मी चिडका आहे, फाट्यावर कुणालाही विचारा. पण महिन्यातला एखादा रविवार असा येतो, की पुण्याच्या पलीकडं एक बंदिस्त ट्रॅक आहे तो आमच्यासारखे गाडीवेडे मिळून दिवसभरासाठी भाड्यानं घेतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं. हेल्मेट घालायचं आणि वळणं घ्यायची, बस्स. एक वळण मनासारखं जमलं ना, की आठवडाभराचं सगळं डोक्यातून उतरतं. ज्या रविवारी ट्रॅक नसतो त्या रविवारी मी आळ्यातून निघतो, जुन्नरला वडापाव खातो, लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जातो, गणपतीला खालूनच हात जोडतो आणि माघारी येतो.

दोस्त विचारायचे, अरे, तुझ्या गाडीला भीमाशंकरचा रस्ता म्हणजे चैन आहे, वळणंच वळणं, तू कधी येत का नाहीस? मी म्हणायचो, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता, राव. पण घोडेगाव सोडलं की शिनोली लागतं, आणि शिनोलीत रस्त्यालगत एक घर आहे, त्या घरासमोरून ही गाडी न्यायची माझी हिंमत नव्हती. गाडी त्याच घरातून घेतली होती.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. त्यांच्यावर ढकलतोय असं समजू नका. ते बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. बैल कितीही देखणा असो, घेणाऱ्यानं आधी त्याची खोड काढायची, ही तिथली रीतच. शिंग फाकलंय, खूर पसरट आहे, पाठीवरचा भोवरा वाईट आहे. विकणारा ऐकून घेत नाही, तोही उलटून बोलतो, थोडी आरडाओरड होते, मग रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो आणि दोघं मिळून चहा पितात. कुणी मनाला लावून घेत नाही. पण वडील यात सगळ्यांच्या पुढं. ते म्हणायचे, खोड अशी काढावी की मालकालाच वाटलं पाहिजे, आपल्याच हातून काहीतरी झालंय. त्याच्या मनात शंका आली की सौदा आपला. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभा राहून हे बघितलं आणि मला ते लई भारी वाटायचं.

तर चार-पाच वर्षांपूर्वी कळलं, शिनोलीत एक निळी गाडी विकायची आहे. मालक संकेत, पंचविशीतला, नाशिकला नोकरीला. तिकडं ठेवायला जागा नाही म्हणून गाडी गावी, वडिलांच्या पडवीत असायची. शनिवारी यायचा, रविवारी पळवायचा. ट्रॅकवर एका वळणाला ब्रेक उशिरा लागला, गाडी बाहेर जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळली आणि ह्याचा घोटा मोडला. हे सगळं त्यानं स्वतःच सांगितलं, पाय प्लास्टरमध्ये लांब करून ओट्यावर बसला होता तेव्हा. पुढचा बंपर बदललाय, बाकी काही झालेलं नाही, म्हणाला. काही लपवलं नाही पोरानं. मला सांगा, एवढ्या सरळ माणसाशी कसा सौदा करायचा?

मी गाडी चालवून बघितली. देवाशप्पथ, पहिल्या वळणालाच मी तिचा झालो. फक्त सरळ रस्त्यावर ती जराशी डावीकडं ओढत होती. माझा जन्म टायरांत गेला. उतरता उतरताच मला दिसलं, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. महिना-दीड महिना गाडी जागेवर उभी होती, हवा जाणारच. पंपाचे चार दणके मारले की काम झालं.

हे मला ठाऊक होतं. हे लिहून ठेवतो, कारण सगळं इथंच आहे. मला ठाऊक होतं.

आणि मी तोंड वाकडं केलं. वडील करायचे तस्सं. गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, हात झटकले आणि म्हणालो, "चेसी वाकलीय. खालचा सांगाडाच."

संकेत म्हणाला, "ट्रॅकवर तर पुढून लागली होती."

"तो मार वेगळा. हा त्याच्याही आधीचा. डाव्या अंगाला कधीतरी ठोकर बसलीय. अहो, गाडी सरळ चालतच नव्हती, म्हणून तर तुम्ही वळणावर बाहेर गेलात. माझं अलाइनमेंटचं दुकान आहे, रोज बघतो मी हे."

संकेतनं उलटून बोलायला हवं होतं. बाजारातला असता तर बोलला असता, "दुकान असेल तुमचं, डोळे फुटलेत काय?" पण तो गप्प झाला. आणि त्याच्या मागं दारात त्याचे वडील उभे होते—आप्पा. भातशेती करणारे, डोंगराकडचे, टोपी, काटक शरीर. ते माझ्याजवळ आले आणि संकेतला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "पावणं, दगडाला नुसती लागली, तरीबी असं व्हतं का?"

मी म्हणालो, "होतं की. हलकी गाडी आहे ही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला कळेना, काय झालं. मी नजर चुकवायला पडवीकडं बघितलं. पडवीचा दगडी खांब होता, आणि त्या खांबाला गुडघ्याच्या उंचीवर निळा रंग लागलेला होता. गाडीच्या डाव्या दाराखाली तेवढाच एक ओरखडा. बोटभर. मी आधी बघितलाही होता.

म्हणजे गाडी कधीतरी आप्पांच्या हातून खांबाला घासली होती, पोराच्या नकळत. आणि आत्ता, माझ्या तोंडून, त्यांना कळलं होतं की पोराचा पाय त्यांच्यामुळं मोडला.

किती वेळ लागतो हो, "अहो आप्पा, चेष्टा केली, हवा कमी आहे फक्त" म्हणायला? मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "देऊन टाक संकेत. त्ये म्हनतील त्या भावात दे. नगं ती घरात." आणि मी तोंड मिटलं. गाडी मला हवी होती. स्वस्तात मिळत होती. बस्स, एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी हवा भरली. उगाच मनाची खात्री म्हणून माझ्याच मशीनवर चढवली. चारही चाकं चोख. दुकानातला माणूस म्हणाला, "भाऊ, लई सरळ गाडी हाय ही, कुठं घावली?" मी त्याच्यावर खेकसलो.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच जाऊन सांगायचं. हो. आधी म्हटलं, पुढच्या रविवारी जातो. मग म्हटलं, आता विसरले असतील. ओरखडा मात्र मी रंगवला नाही. का नाही, ते मलाही सांगता यायचं नाही. आणि ट्रॅकवर तो लांब सरळ पट्टा आला की, बाकीचे तिथं ओरडतात, मजा घेतात—मला तिथं ती एका रेषेत पळताना जाणवायची आणि शिनोलीचं दार आठवायचं. दर खेपेला.

मग यंदा भात काढणीच्या दिवसांत संकेत दुकानात आला. नाशिकहून गावी निघाला होता, साधी पांढरी गाडी, चाकं बघून द्या म्हणाला. मला ओळखलं, हसला, निळीची चौकशी केली. पाय बरा झालाय, जरासाही लंगडत नाही. मुलगी झालीय, दोन आठवड्यांनी नाशिकला बारसं. मी म्हटलं, वा, आजोबा खूश असतील.

तो म्हणाला, "आप्पा येतील, पण एसटीनं. माझ्या गाडीत बसत नाहीत ते. त्या अपघातापासून माझ्या कुठल्याच गाडीला हात लावत नाहीत. दारात लावली तर लांबून वळसा घालून घरात जातात. माझा हा शौक त्यांना पटला नाही, मनात धरून बसलेत. मी पण मग ट्रॅकला जायचं सोडलं. आमचं बोलणंच कमी झालंय, भाऊ."

मी काय केलं असेल? त्याची चाकं सरळ करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. बघा, केवढा उदार माणूस! पोरीला माझ्याकडून काहीतरी घ्या म्हणालो. त्यानं माझे आभार मानले. आभार! आणि गेला. पहिल्या वेळी मी लोभी होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी कसला लोभ होता? मी निव्वळ भित्रा होतो. दुपारचं जेवण गेलं नाही मला. बायको म्हणाली, पित्त झालंय, ताक घ्या.

पुढचे काही दिवस मी सगळ्यांवर ओरडत होतो. मग रविवार उजाडला. निळी काढली, पायानं मारायचा पंप डिकीत टाकला, आणि चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा घोडेगावच्या पुढं गेलो.

आप्पा अंगणात पेंढा रचत होते. गाडी बघितली आणि हातातली पेंढी तशीच धरून उभे राहिले. मी उतरलो. बसा म्हणायच्या आत सांगून टाकलं—चेसी कधीच वाकली नव्हती, हवा कमी होती, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, तुमच्या पोराचा पाय तुमच्यामुळं मोडला नाही. एका दमात.

आणि सांगू काय झालं? त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

"संकेतनं पाठवलं व्हय तुमाला?" ते म्हणाले. "कळलं वाटतं त्येला. मला बरं वाटावं म्हून बोलताय तुमी. पन मला ठावं हाय. आभाळ भरून आलं व्हतं, भाताचं भारं भायेर पडलेलं. घरात कुनी नाय. मीच ढकलली गाडी पडवीतनं, भारं आत घ्याया. खांबाला लागली. मी पोराला बोललो नाय. आन् पुढल्याच रयवारी त्येची गाडी आदळली."

खोटं चटकन पटलं होतं त्यांना, आणि खरं पटेना! मी शपथा घातल्या. ते नुसती मान हलवत राहिले, समजूतदारपणानं, जणू मीच पोर आहे. शेवटी मी चिडलो. चूक माझी आणि चिडलोही मीच, काय म्हणावं? म्हणालो, "आप्पा, बसा गाडीत. दाखवतो."

ते बसेनात. मी अंगणात उभाच राहिलो. म्हणालो, मी जाणार नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि दाराला न शिवता, अंग चोरून, कसेबसे आत बसले.

घोडेगावच्या बाजूला एक सरळ तुकडा आहे. तिथं थांबून मी पुढच्या डाव्या चाकातली हवा सोडली, त्यांच्या डोळ्यांसमोर. गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, कडेला उतार असतो, त्यानंही गाडी ओढते म्हणून. मागंपुढं कुणी नव्हतं. हळू निघालो आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले. गाडी डावीकडं चालली. आप्पांनी डोळे मिटले. "वढतीया," म्हणाले. "तशीच वढतीया."

मी थांबलो, पंप काढला आणि वॉल्व्हला लावला. पाय ठेवणार तोच ते खाली उतरले. "द्या हिकडं," म्हणाले. आणि स्वतः पंप मारायला लागले. सत्तरीचा माणूस, पण मी नको म्हणालो नाही. चाक वर येताना ते एकटक बघत होते. पुरे म्हटलं तरी अजून चार दणके मारले.

परत निघालो. तोच तुकडा. हात काढले. गाडी एका रेषेत चालली. आप्पा स्टिअरिंगकडं बघत होते, मग रस्त्याकडं, मग परत स्टिअरिंगकडं. "आनकी एकदा," म्हणाले. आणखी एकदा केलं. मग आणखी एकदा. मग ते म्हणाले, "थांबवा."

खाली उतरून ते बराच वेळ डोंगराकडं तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा डोळे लाल होते, आणि मग त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. "बाजारात मीबी बैलं घेतल्यात, पावणं. खोड काढत्यात, ठावं हाय मला. पन तिथं मालकाला उलटून बोलता येतं. मला गाडीतलं काय कळत व्हतं? तुमी दुकानवालं म्हून मी खरं मानलं. इतकी वर्सं माझ्या पोराच्या गाडीत बसलो नाय मी. हात लावला तर आनकी कायतरी व्हईल म्हून. लई वंगाळ केलंत तुमी. लई वंगाळ."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्यांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, लांब धरून नंबर शोधला. माझ्यासमोरच बोलले, जोरात, त्यांना कमी ऐकू येतं. "संकेत... आरं, तुझी गाडी वाकली नव्हती. निळी रं. त्यो टायरवाला खोटं बोलला व्हता... हितंच हाय, म्होरं उभा हाय... त्ये सांगतो मागनं सगळं. तू आधी ऐक. बारशाला मला न्यायला ये. एसटी नगं... आरं तुझ्याच गाडीत! बसंन की, न बसायला काय झालं?"

फोन खिशात गेला. घर तिथून तसं लांब होतं, पण माझ्या गाडीत ते परत बसले नाहीत, मीही म्हटलं नाही. जाता जाता मात्र गाडीच्या डाव्या बाजूला थांबले, वाकले, आणि दाराखालच्या त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"येवडंच व्हतं व्हय," म्हणाले. आणि चालायला लागले.

संकेतचा मला फोन आला नाही. येईल किंवा येणार नाही, आला तर त्याचंही ऐकून घेईन. बायकोला हे वाचायला देणार आहे, नंतर तिच्यासमोर बसणार आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुकानासमोर एका पिकअपचं चाक खोलत होतो. पांढरी गाडी मंचरकडून येताना दिसली. संकेत चालवत होता. शेजारी, पुढच्या सीटवर, आप्पा—कडक इस्तरीची टोपी, काच खाली, कोपर बाहेर काढलेलं, आणि हात हलवून पोराला काहीतरी सांगत होते, बहुतेक गाडी कशी चालवायची तेच. दोघांपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. गाडी थांबली नाही. सरळ नाशिकच्या रस्त्याला लागली.